जरा वाकून चाल

आमच्या शाळेत बक्षीस समारंभाला मोठ्या बाई दरवर्षी एकच भाषण करायच्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. शाळा म्हणजे लहानसं जगच असतं, इथे जी मुलगी चमकली ती उद्या बाहेरही चमकणार, असं त्या ठासून सांगायच्या आणि टाळ्या पडायच्या. पुढे मी त्याच शाळेत शिकवायला लागले. तेच भाषण मी शिक्षकांच्या रांगेत बसून ऐकायची आणि दरवेळी उठून निघून जावंसं वाटायचं. उठले मात्र कधीच नाही. नोकरी होती.

त्या भाषणाचा मला राग का यायचा, हे सांगायचं तर आमच्या ताईबद्दल सांगावं लागेल.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ठाण्याला जांभळी नाक्याच्या मागच्या आळीत आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. बाबा कचेरीत कारकून. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. मी आईच्या वळणावर गेले, म्हणजे बुटकी. ताई कुणाच्या वळणावर गेली देव जाणे. चौदाव्या वर्षी तिने आईला मागे टाकलं आणि पंधराव्या वर्षी बाबांना. बाबांना तेव्हा त्याचं कौतुकच होतं. "आमच्या घरी शिडी विकत घ्यायला लागत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

खरंच लागायची नाही. आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर पार उंचावर एक फळी होती. घरमालकाने ती कुणाच्या मापाने ठोकली होती कोण जाणे! आई तिच्यावर फराळाचे डबे, मेतकुटाची बरणी, पापड असलं सगळं ठेवायची, कारण तिथे मुंग्या पोचत नसत आणि मीही पोचत नसे. आधी काही काढायचं तर शेजारून स्टूल मागून आणायला लागायचं. ताई वाढली आणि ते मागणं संपलं. आईने पाठमोरीच म्हणायचं, "मेतकूट दे गं," आणि ताईने टाचाही न उचलता हात वर करायचा.

शाळा मुलींची होती. स्नेहसंमेलनाला ऐतिहासिक नाटक ठरलेलं, आणि त्यातले राजे, सरदार, शिपाई सगळे मुलीच व्हायच्या. त्यामुळे उंच आणि खणखणीत आवाजाच्या मुलीला आमच्याकडे जो भाव होता तो गोऱ्यागोमट्या मुलीलाही नव्हता. स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं होतं. मुलींच्या अंगात वारं शिरलं होतं, आणि त्या वर्षी ताई महाराज झाली. डोक्याला भगवा फेटा, काजळाने कोरलेल्या मिशा, कमरेला पत्र्याची तलवार. पडदा वर गेला आणि तिने पहिलं वाक्य टाकलं तेव्हा मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बायका सरळ झाल्या. मीही त्या नाटकात होते. मी दासी होते. महाराजांच्या मागे उभं राहून चवरी ढाळायची, एवढंच काम. एकही वाक्य नव्हतं. सगळं नाटक मी तिची पाठ बघत काढलं. काय पाठ होती! ओळंबा लावून बांधलेल्या भिंतीसारखी सरळ.

त्या दिवसापासून तिचं नाव शाळेपुरतं पुसलं गेलं. ती महाराजच झाली. तळ्याच्या पाळीवर संध्याकाळी शाळेतल्या मुली भेटल्या तर रस्त्यात थांबून तिला मुजरा करायच्या, आणि ती हसत हसत, पण खऱ्या राजासारखा, तो घ्यायची. उंचीमुळे तिला शेवटच्या बाकावर बसवत. तो बाक मानाचा ठरला आणि अभ्यासू मुलीसुद्धा मागे बसायला धडपडू लागल्या. कवायतीला तिने "सावधान" म्हटलं की रस्त्यावरचा टांगेवालासुद्धा लगाम खेचतो, असं बाई म्हणत. ती चढून गेली नाही, हेही सांगायला हवं. कुणाची वेणी सुटली तर ती घालून द्यायची, कुणी रडत असलं तर जवळ घेऊन बसायची. तिच्यासमोर मी कोण? महाराजांची बहीण. माझं नाव दोन बाईंना ठाऊक होतं, बाकीच्या "ए, तू" म्हणायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही. तिची बहीण असणं हे मला पुरेसं होतं.

मॅट्रिकच्या निरोप समारंभात मोठ्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. "ही मुलगी आपल्या शाळेचं नाव काढील," असं त्या म्हणाल्या. आई पुढच्या रांगेत होती. पदर डोळ्यांना लावून बसली होती.

ताई पास झाली. तिला शिक्षिका व्हायचं होतं, ट्रेनिंगला जायचं होतं. बाबा म्हणाले, "आधी लग्न. सासरची माणसं शिकवतील तर शिक. तुझ्यामागे अजून एक आहे." ते 'अजून एक' म्हणजे मी. थोरली घरात असताना धाकटीचं करायचं नाही, हा रिवाज. तिचं अडलं की माझंही अडणार होतं.

आणि अडलंच. पहिल्या स्थळाने पाहिलं आणि कळवलं, मुलगी उंच आहे. दुसऱ्याने कळवलं, मुलगी उंच आहे. तिसऱ्याच्या आईने कळवायचीही वाट पाहिली नाही. तिथेच चहा पिता पिता म्हणाली, "बाई गं, हिला आमच्या घरात उभी तरी करणार कुठे?" सगळे हसले. बाबाही हसले. मी दाराआडून बघत होते. ज्या उंचीवर बाबा एवढे फुशारायचे तिच्यासाठी ते आता माफी मागितल्यासारखे हसत होते. त्या वेळी मला त्यांचा फार राग आला होता. आता नुसतं वाईट वाटतं.

मग कळव्याची आत्या मदतीला आली. बाबांची थोरली बहीण, खाडीपलीकडे कळव्याला राहायची. तिने डझनावारी लग्नं जुळवली होती आणि ती सगळी तिला तोंडपाठ होती. तिने ताईला आतल्या खोलीत चालायला लावलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, ही काय चाल? शिपायासारखी? कोण देईल होकार? जरा वाकून चाल. खांदे पाड. लुगड्याच्या आत गुडघ्यात किंचित वाक, कुणाला दिसत नाही. चांगली दोन बोटं कमी होतात."

"आत्या, पण मी आहे एवढी आहे," ताई म्हणाली.

"लग्न झालं की हो हवी तेवढी! मग कोण मोजायला येतंय?"

त्या दिवसापासून आमच्या घरी रोज संध्याकाळी तालीम सुरू झाली. मी बाहेरच्या खोलीत वरपक्ष होऊन बसायची. ताई आतून पोह्यांचं तबक घेऊन यायची. पाऊल आखूड, मान खाली, खांदे पुढे. आई मागून हळूच म्हणायची, "अजून थोडी." आवाजही उतरवला. नाव विचारलं तर पुटपुटल्यासारखं सांगायचं. पहिल्या दिवशी आम्हा दोघींना हसू आवरेना. तबकातले पोहे सांडले. आठवडाभराने हसू येईनासं झालं. एकदा तालीम संपल्यावरही ती तशीच वाकलेली चुलीशी जाऊन बसली. मी तिला कोपराने ढोसलं, "महाराज, पडदा पडला." ती दचकून सरळ झाली. पण का कोण जाणे, हसली नाही.

त्यातच कल्याणचं स्थळ आलं. मुलगा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर, घरचं बरं, दुधनाक्याजवळ स्वतःचं घर. आत्याला एवढंच ठाऊक होतं. मुलाला तिनेही पाहिलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी ते लोक आले. मी स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीला डोळा लावून उभी होते. आधी त्याचे वडील आत आले, मग आई. आणि मग तो. आमच्या बाहेरच्या दाराची चौकट ठेंगणी होती, पण तोवर तिच्याखालून वाकून आलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. तो वाकून आला. आत आल्यावर सरळ झाला, आणि आमची खोली एकदम लहान दिसायला लागली. बाबा त्याच्या खांद्याला लागत होते.

मी वळले आणि ताईचा हात धरला. "ताई, तो उंच आहे! तुझ्याहून उंच आहे! तू ताठ जा!"

तिचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आधी विश्वास बसला नाही, मग तिने फटीतून पाहिलं, आणि तिचे खांदे आपोआप मागे गेले. तबक हातात घेऊन ती उभी राहिली. तशी मी तिला नाटकानंतर पाहिलीच नव्हती.

आत्याने तिचा दंड धरला. "गप बसा गं दोघी. आयत्या वेळी भलतं करू नका. उंच पुरुषाला ठेंगणीच बायको आवडते, मी काय आज लग्नं जुळवतेय? ठरलंय तसंच जायचं."

ताईने आईकडे पाहिलं. आईला कळत होतं. मला शपथेवर विचारा, आईला त्या क्षणी कळत होतं. पण नणंद वडीलधारी, अनुभवी, आणि आतापर्यंत नकारच पचवलेले. आई म्हणाली, "वन्सं सांगतात तसं कर, बाळ."

ताईने खांदे पाडले आणि बाहेर गेली.

त्यांनी रीतीप्रमाणे सगळं विचारलं. मुलाची आई म्हणाली, "जरा पाणी आण हो मुली," म्हणजे चाल दिसावी म्हणून. ताई आत आली, पाण्याचा तांब्या घेऊन पुन्हा गेली, खांदे पुढे, मान खाली. मुलाने एकच प्रश्न विचारला. फार नीट, आदराने विचारला.

"तुम्ही शाळेच्या नाटकात महाराजांचं काम केलंत ना? आमची धाकटी बहीण तुमच्या शाळेत होती, मामाकडे राहून. घरी आली की सारखं तुमचंच सांगायची."

ताईने मान थोडी वर केली. ती काही बोलणार तेवढ्यात बाबा घाईघाईने म्हणाले, "छे छे, ते पोरवयातलं हो. आता सोडलं सगळं. अगदी शांत आहे ती. घरात आहे हेसुद्धा कळत नाही."

बाबांना वाटलं, नाटकात मिशा लावून काम करणारी मुलगी म्हटल्यावर हेही स्थळ हातचं जाणार. ताईची मान पुन्हा खाली गेली. तो मुलगा जाताना पुन्हा चौकटीखाली वाकला. त्याने एकदा मागे वळून पाहिलं. माझी खात्री आहे, त्याला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं.

आठवड्याने आत्या निरोप घेऊन आली. नकार होता. उंचीचा नव्हता.

"मुलीच्या पाठीत बाक आहे, म्हणतात," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "त्याला उंच मुलगी हवी होती म्हणे. बहिणीचं ऐकून मुद्दाम आला होता. आल्यावर बघतो तर, म्हणे, पोरीला काही व्यंग आहे, आणि घरचे लपवतायत."

ताई तांदूळ निवडत होती, ती निवडत राहिली.

मी बाबांना म्हटलं, "तुम्ही आत्ता कल्याणला जा आणि सांगा, बाक नाही म्हणून. ताईलाच घेऊन जा. दाखवा त्यांना."

"काय सांगू?" बाबा म्हणाले. "मुलीला आम्हीच वाकवून आणली होती म्हणून सांगू? काय म्हणतील ते? फसवायला निघाला होता, म्हणतील. खरं सांगितलं तरी लबाडच ठरणार मी."

"ठरा मग!"

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर हात उगारला. मारलं नाही. हात तसाच खाली आला आणि ते अंगणात जाऊन बसले. कल्याणला ते गेले नाहीत. अब्रू ही चीजच अशी, राखायला जावं तर तीच घर बुडवते. मुलगी देणारा खाली, घेणारा वर, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. खालच्याने वरच्या दारात जाऊन आपण नाटक केलं असं कबूल करणं त्यांना जमलं नाही. मी त्यांना माफ केलं आहे असं मी लोकांना सांगते.

'पाठीत बाक' हा शब्द मात्र आमच्या आधी सगळीकडे पोचला. ठाण्यातून कल्याणला, तिथून भिवंडीला. पुढची दोन वर्षं लोक ताईला पाहायला आले की आधी पाठ बघायचे. आता ती ताठ चालली तरी म्हणायचे, बघा, कशी ओढूनताणून चालतेय. मग ती तसा प्रयत्न करीनाशी झाली.

शेवटी डोंबिवलीचं बिजवराचं स्थळ पत्करलं. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, दोन मुलं. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, शिवीगाळ नाही. उंचीला ताईच्या कानापर्यंत पोचत होता, एवढंच. लग्नाच्या दिवशी अंतरपाट दूर झाला, माळ घालायची वेळ आली, आणि नवरदेवाला उभं राहायला कुणीतरी एक पाट पुढे सरकवला. त्याची गरजच पडली नाही. कुणी सांगायच्या आधीच ताई वाकली. मांडवात शाळेतल्या चारपाच मैत्रिणी होत्या. त्यांतल्या एकीने तोंड फिरवलं ते मी पाहिलं.

डोंबिवली तेव्हा गावच होतं. स्टेशनपासून बरंच आत, भाताच्या खाचरांच्या कडेला तिचं कौलारू घर होतं. आत जायचं दार इतकं बसकं की पहिल्या महिन्यात तिच्या कपाळावरचं टेंगूळ उतरलंच नाही. मग ती त्या दाराच्या मापाची झाली. दिवसभर विहिरीचं पाणी ओढायचं, दोन मुलांचं करायचं, सासूचं दुखणं काढायचं. पहिल्या वर्षी तिने नवऱ्याला ट्रेनिंगचं विचारलं होतं. तो म्हणाला, "मुलं जरा मोठी होऊ देत." तिने पुन्हा विचारलं नाही.

आणि मी? मी पुढच्याच मोसमात पहिल्याच स्थळाला पसंत पडले. ठेंगणी, सावळी, हळू बोलणारी. लग्नाच्या बाजारात जे जे हवं ते ते माझ्याकडे आपसूक होतं, त्यात माझी कर्तबगारी शून्य. नवरा ठाण्यातलाच, शाळामास्तर, आणि माणूस मोकळा. म्हणाला, घरी बसून काय करतेस, ट्रेनिंग कर. केलं. आमच्याच शाळेत लागले. ज्या बाईंना माझं नाव ठाऊक नव्हतं त्या आता मला अहो-जाहो करू लागल्या. संमेलनाचं नाटकही माझ्याकडे आलं. सोळा वर्षांच्या मुलींना फेटे बांधताना मी त्यांच्या तोंडाकडे बघायची टाळायची.

एकदा मोठ्या बाईंनी विचारलं, "आपले महाराज काय करतात हल्ली?"

"संसार," मी म्हटलं.

"वा, छान," त्या म्हणाल्या, आणि त्याच वर्षी त्यांनी पुन्हा तेच भाषण केलं. बाई वाईट नव्हत्या. शाळेत ज्या गुणांसाठी आम्ही टाळ्या वाजवतो तेच गुण शाळेच्या फाटकाबाहेर मुलीच्या अंगावर दोष म्हणून मोजले जातात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि ज्या गुणांसाठी तिथे कुणी टाळी वाजवत नाही त्यांच्यावर माझ्यासारखीचं आयुष्य तरून जातं. नशीब म्हणा हवं तर. मी त्याला नशीबसुद्धा म्हणत नाही, मला लाज वाटते.

एका दिवाळीची गोष्ट सांगते. ताईच्या लग्नाला पाचसहा वर्षं झाली असतील. भाऊबीज नाही आमच्याकडे, पण आईने दोघींना फराळाला बोलावलं होतं. ताई मुलांना घेऊन आली. तिशीही गाठली नव्हती तिने. आईने चकल्या तळायला घेतल्या होत्या, आणि सवयीने, मागे न बघता म्हणाली, "तो फळीवरचा मोठा डबा दे गं."

ताई उठली. फळीकडे पाहिलं. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "स्टूल कुठाय?"

आई वळली. "तुला गं कशाला स्टूल?"

"हात पुरत नाही हल्ली."

तिने हात वर करून दाखवला. फळीच्या खाली वीतभर अंतर राहत होतं. ती कुरकुरत नव्हती, रुसली नव्हती. हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगत होती. आईने कढई खाली उतरवली, हात पदराला पुसले आणि तिच्या मागे जाऊन तिच्या पाठीवर तळवा ठेवला, जिथे बाक होता तिथे. आता खरोखरच होता.

"ताठ हो बघू, बाळ," आई म्हणाली. "जरा ताठ हो."

ताईने प्रयत्न केला. आम्हा दोघींना दिसत होतं की ती खरंच करतेय. मग तिने श्वास सोडला.

"दुखतं गं, आई."

आईचा हात तिथेच राहिला. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. शेजारून स्टूल मी मागून आणलं, मीच चढले आणि डबा काढून ताईच्या हातात दिला. मुलं बाहेर फुलबाजीसाठी भांडत होती, ती त्यांना समजवायला गेली.

दिवाळी सरल्यावर मी माहेरी गेले तेव्हा आईने फळीवरचं सगळं सामान खाली उतरवून कोपऱ्यात मांडलं होतं. तिथे मुंग्या यायच्या. तरी आईने त्या फळीवर पुन्हा काही ठेवलं नाही.